सरांच्या कुलपातले आकडे

आमच्या सरांना कोणावर ओरडताना कोणी ऐकलेलं नाही. ओरडले असते तर बरं झालं असतं, माणसाला निदान अंदाज येतो. सर हळू बोलायचे. चूक सापडली की खुर्ची ओढून शेजारी बसायचे, चष्मा पुसायचे आणि झोपलेल्या पेशंटजवळ बोलावं तशा आवाजात विचारायचे, "कोनं केलं?" मग उत्तर येईपर्यंत गप्प. त्या गप्प बसण्यानं भलेभले न केलेली चूकही कबूल करायचे. मी तर सरांच्या किल्ल्यांचा जुडगा व्हरांड्यात वाजला तरी कीबोर्डवरचे हात उचलायचे.

दोन हजार चार-पाचच्या सुमाराची गोष्ट. वडनेरच्या बाजूला, हमरस्त्यालगत, एका ट्रस्टचा दवाखाना होता. खाटा मोजून चाळीस. पण रस्त्यावरचे अपघात आणि आसपासच्या गावांची बाळंतपणं तिथंच यायची, म्हणून छोटीशी रक्तपेढीही होती. मी सेलूची, किराणा दुकानदाराची मुलगी. वर्ध्याला कॉम्प्युटरचा कोर्स केला आणि या दवाखान्यात लागले. सर तिथल्या कॉम्प्युटर खोलीचे प्रमुख. खोलीत आम्ही दोघंच, मी बाहेरच्या भागात, सर आतल्या, व्हरांड्याकडे वेगळं दार असलेल्या भागात, आणि त्यांच्याजवळ लोखंडी जाळीच्या कपाटात सर्व्हर. केसपेपर, वॉर्ड, औषधं, रक्ताच्या पिशव्या, सगळ्याची पानं त्या सर्व्हरवर चालायची. ती सरांनी एकट्यानं पीएचपी नावाच्या भाषेत लिहिली होती. पहिल्या दिवशी त्यांनी मला ते कपाट लांबून दाखवलं. "हात लावाचा नाई," म्हणाले. मी लावणारही नव्हते.

सरांच्या चपला दाराबाहेर खडूनं आखलेल्या चौकोनात असायच्या. खडू पुसला की स्वतः नवा आखत. डब्यात रोज ज्वारीची भाकर आणि चण्याच्या डाळीचं पिठलं. दिवाळीलाही तेच, वर एक अनारसा. खुर्चीवर बसण्याआधी ती हलवून पाहत. पंखा डुगडुगला तर त्याच्याखालून जात नसत, भिंतीच्या कडेनं जात. कुलूप लावलं की तीनदा ओढत, चार पावलं पुढे जात आणि परत येऊन चौथ्यांदा ओढत. मला तेव्हा हसू यायचं. अर्थात पाठ फिरल्यावर.

आणि हा भित्रा माणूस, ज्याला आम्ही सगळे भीत होतो, स्थिरांकांचा भक्त होता. प्रोग्राममध्ये काही आकडे सारखे बदलत असतात, ते चल. काही एकदा ठरवले की ठरले, ते स्थिरांक. त्या भाषेत चलाच्या नावाआधी डॉलरची खूण लागते, स्थिरांकाला लागत नाही. सर म्हणायचे, "डॉलर दिसला का समजून घेजो, हे ढोर हाय. दोरी सुटली का कोनाच्याबी वावरात जाईन. अन् स्थिरांक म्हंजे दोन वावरांमधल्या धुऱ्यावरचा गोटा. गोटा हालला का दोन घरं कोर्टात." स्थिरांक ते मोठ्या ठसठशीत अक्षरांत लिहायला लावायचे आणि सगळे एकाच फाइलीत ठेवायचे. कोणतंही पान उघडलं की आधी ती फाइल वाचली जायची. वॉर्डातल्या खाटा किती, ओपीडी किती वाजता उघडते, रक्ताची पिशवी किती दिवस टिकते, असे एकूण छत्तीस आकडे.

या छत्तीस आकड्यांसाठी एक लाल रजिस्टर होतं, आणि ते कपाटात, कुलपात. कोणताही आकडा बदलायचा असेल तर सरांकडे रजिस्टर मागायचं. त्यात जुना आकडा, नवा आकडा आणि बदलाचं कारण आपल्या हातानं लिहायचं. मग सर संबंधित सगळ्यांना खोलीत बोलावत, उभं करत आणि ती नोंद मोठ्यानं वाचत. दोनदा. दुसऱ्यांदा वाचून झालं की विचारत, "कोनाले काई विचाराचं हाय?" मग सही. त्यानंतरच फाइलीतला आकडा बदलायचा. डॉक्टर मॅडमसुद्धा या वाचनाला हातातलं काम टाकून येत. नाही आल्या तर सर त्यांच्या दारात जाऊन गप्प उभे राहत.

पहिल्याच आठवड्यात त्यांनी मला त्या फाइलीतला एक आकडा दाखवला. बायकांचा वॉर्ड, खाटा चौदा. "बरोबर हाय का?"

"हो सर."

"कशावरून?"

"इथं लिहिलंय ना सर."

त्यांनी चष्मा पुसला. "जाय. मोजून ये. खाटेले हात लावून मोज. आकडा हाताले लागला पाहिजे."

मी गेले. चौदा खाटांना हात लावला. बाळंतिणी माझ्याकडे बघत होत्या, एकीनं विचारलं, "काय हरवलं वो ताई?" परत आले तर सर म्हणाले, "आता रक्ताची पिशवी." लॅबवाल्या ताईंनी फ्रिज उघडून एक पिशवी माझ्या हातावर ठेवली. गार आणि जड. सर शेजारी उभे होते. पिशवीला हात न लावता म्हणाले, "पस्तीस दिवस टिकते. छत्तिसाव्या दिवशी ते रक्त राह्यत नाई. ध्यानात ठेवजो." त्यांचा आवाज नेहमीसारखाच हळू होता. पिशवी परत ठेवल्यावर त्यांनी फ्रिजचं दार तीनदा ओढून पाहिलं.

मी रजिस्टर एकदाच मागितलं, उन्हाळ्यात. ओपीडी आठऐवजी साडेसातला उघडायची ठरली होती. साधी गोष्ट. कारणाच्या रकान्यात मी 'ऊन' असं लिहिलं. सरांनी मला टेबलासमोर उभं केलं. ऊन कोणाला? पेशंटला की डॉक्टरला? बस किती वाजता येते? समुद्रपूरची बस साडेसातला पोचते का? नाही पोचली तर त्या बसच्या पेशंटनं काय करायचं? तू विचारलं का? कंडक्टरला विचारलं का? अर्धा तास मी उभी.  शेवटी मी बाथरूममध्ये जाऊन रडले, तोंड धुतलं आणि बस स्टँडवर जाऊन कंडक्टरला विचारून आले. बस पावणेआठला यायची. ओपीडी शेवटी साडेसातला उघडली, पण आठपर्यंत नंबर पुकारायचे नाहीत असं ठरलं. म्हणजे सर बरोबर होते. पण बरोबर माणसाची भीती जास्तच वाटते, हे मला त्या दिवशी कळलं. त्या लाल रजिस्टरला पुन्हा हात लावायचा नाही, असं मी मनाशी ठरवून टाकलं.

पुढचं सगळं त्या ठरवण्यातून झालं.

आषाढात रक्तदान शिबिर होतं. आदल्या दिवशी लॅबवाल्या ताई दारात आल्या. "या खेपेले पिशव्या दुसऱ्या जातीच्या आल्या. यायच्यात रक्त एकवीसच दिवस टिकते. लेबलवर तारीख तशी येऊ दे बरं." पिशवीवरचं लेबल आमच्या प्रोग्राममधून छापून निघायचं: रक्तगट, रक्त काढल्याची तारीख आणि वापरायची शेवटची तारीख. ताई त्या छापील तारखेवर विश्वास ठेवायच्या. का ठेवू नये? सरांचा प्रोग्राम होता.

सर आतल्या खुर्चीवर होते. मला फक्त दहा पावलं जाऊन 'सर, रजिस्टर' एवढं म्हणायचं होतं. मी नाही गेले. मला ते प्रश्न आधीच ऐकू येऊ लागले होते: दुसऱ्या जातीच्या का आल्या? कोणी मागवल्या? जुन्या किती उरल्या? मी एक पळवाट काढली. सरांच्या फाइलीला हात लावला नाही. लेबलची फाइल माझ्याकडे होती, तिच्यात वरच तोच स्थिरांक पुन्हा लिहिला आणि त्याला नवा आकडा दिला, एकवीस. वाटलं, माझा आकडा नंतर येतो म्हणजे माझाच चालेल.

त्या भाषेत तसं होत नाही. स्थिरांकाला एकदा आकडा दिला की दिला. दुसऱ्यांदा दिलेला ती ऐकूनच घेत नाही, पहिलाच धरून पुढे चालते. पडद्यावर एक ओळ तेवढी उमटते, की बाई, हे आधीच ठरलेलं आहे. पण त्या इंग्रजी ओळींना सिस्टर लोक घाबरतात म्हणून महिनाभरापूर्वी मीच त्या दिसायच्या बंद केल्या होत्या. एक लेबल छापून पाहिलं. तारीख आली. तारीख आली एवढंच पाहिलं, दिवस मोजले नाहीत. आकडा हाताला लावला नाही.

शिबिरात नऊ पिशव्या भरल्या. दोन पहिल्याच आठवड्यात एका अपघातात कामी आल्या. बाकीच्या फ्रिजमध्ये.

श्रावण अर्धा सरला होता. दुपारची वेळ. ताई एक ओलं झालेलं लेबल घेऊन आल्या, दुसरं छापून दे म्हणाल्या. मी छापलं. त्या वाचून सहज म्हणाल्या, "चाला, तान्ह्या पोळ्यापर्यंत चालते."

मी मान वर केली. शिबिर आषाढात झालेलं आणि तान्हा पोळा, म्हणजे पोळ्याचा दुसरा दिवस, अजून नऊ दिवसांवर. भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेले आणि बोट ठेवून मोजायला लागले. शिबिरापासून त्या दिवसापर्यंत सव्वीस. लेबलवरच्या तारखेपर्यंत पस्तीस. पुन्हा मोजलं. बोट घामानं कागदाला चिकटत होतं.

"ताई, यातल्या किती पिशव्या उरल्या?"

"सहा. एक आत्ताच वर गेली ना. समुद्रपूरकडची बाई हाय, बाळंतपणात लय रक्त गेलं तिचं. काऊन?"

 वर जायचा जिना सरांच्या दारावरून होता. मी धावत निघाले आणि सरांच्या दाराशी थांबले. का थांबले? आजही लाज वाटते सांगायला. डोक्यात पहिला विचार त्या बाईचा आला नाही. पहिला विचार आला की लेबलं गुपचूप काढून नवी लावता येतील, सरांना कळणार नाही. वर एक बाई पडली होती, तिच्या अंगात माझा चुकलेला आकडा थेंब थेंब जात होता, आणि मी दारात उभी राहून चपलांच्या चौकोनाकडे बघत होते. किती वेळ ते माहीत नाही. कदाचित दहा श्वास असतील. त्या दहा श्वासांची लाज मला अजून पुरते.

मग सरांनीच वर पाहिलं. "काय झालं?"

मी सांगितलं. एका दमात, सगळं, पळवाटेसकट.

सरांनी 'कोनं केलं' विचारलं नाही. चष्माही पुसला नाही. उठले आणि धावले. जुडगा टेबलावरच राहिला, कपाट उघडं, चपला चौकोनात. अनवाणी, पंखा डुगडुगत होता त्याच्याच खालून, जिन्याच्या दोन-दोन पायऱ्या चढत. मी मागे. वर पोचले तेव्हा सर सिस्टरना म्हणत होते, "बंद करा. ते बंद करा आधी." नोंद वाचण्याखेरीज त्यांचा मोठा आवाज मी ऐकला तो तेवढाच.

पाव पिशवी गेली होती. डॉक्टर मॅडमनी नळी काढली. ताईंनी खालून जुन्या जातीची एक पिशवी आणली. सरांनी तिच्यावरची तारीख पाहिली, बोटांच्या पेरांवर दिवस मोजले, पुन्हा पहिल्या पेरापासून मोजले, आणि मगच ती मॅडमच्या हातात दिली. बाईला थंडी वाजायला लागली होती. दात वाजत होते. तिची सासू कोपऱ्यात नातीला घेऊन उभी होती.

"काय झालं वो साहेब?" तिनं सरांना विचारलं.

मला वाटलं सर काहीतरी गुळमुळीत सांगतील. तसं दवाखान्यात सांगतातच. सर तिच्यासमोर जाऊन उभे राहिले. "माय, पिशवीवर आमच्याकडून तारीख चुकली. रक्त जुनं होतं. आता चांगलं लावलं. ताप येईन. आमी इथंच बसतो."

सासूनं नातीला छातीशी घट्ट धरलं आणि सरांच्या अनवाणी पायांकडे बघत राहिली.

आम्ही वॉर्डाबाहेरच्या बाकावर बसलो. चार वाजले, पाच वाजले. आतून पावलं आली की मी उठून उभी राहायचे. मी मनातल्या मनात कोणकोणते नवस बोलले ते विचारू नका. सर ताठ बसले होते, दोन्ही हात गुडघ्यांवर, आणि माझ्याकडे बघत नव्हते. मला वाटलं रागानं. बराच वेळ बघितल्यावर कळलं की राग नाही.

"मी रोज सकाळी आल्यावर पयले ते फाइल उघडतो," ते समोरच्या भिंतीला सांगावं तसं बोलले. "छत्तीसच्या छत्तीस आकडे वाचतो. मंग बसतो खुर्चीत. सात वर्ष झाले. घरी जाऊन जेवतो तं वाटते, एखादा चुकला असन काय? सुटीच्या दिवशी तं जेवन जात नाई." थोडं थांबले. "तुले काय वाटलं, रजिस्टर कायले केलं मी?"

मी वॉर्डाच्या दाराकडे बघितलं.

"अन् तू ते काऊन नाई मागितलं?"

खोटं बोलायची ताकदच उरली नव्हती. "तुमचं भेव लागते सर," मी म्हणाले.

सरांनी माझ्याकडे पाहिलं. कोणीतरी अनोळखी भाषेत बोलल्यासारखं त्यांचं तोंड झालं. मग ते पुन्हा भिंतीकडे वळले.

सहाच्या सुमाराला डॉक्टर मॅडम बाहेर आल्या. ताप उतरला होता. बाईनं पाणी मागितलं, पोरीला जवळ घेतलं. "त्या रक्तानं झालं की दुसऱ्या कशानं, सांगता येत नाही," मॅडम म्हणाल्या. "पण पुरी पिशवी गेली असती तर मला आज झोप आली नसती."  सर उठले, आत गेले, सासूला नमस्कार केला, आणि जिना उतरून आपल्या चपला घातल्या.

रात्रभर मला खात्री होती की सकाळी नोकरी जाणार. बाबांना काय सांगायचं तेही ठरवून ठेवलं. सकाळी पोचले तर लाल रजिस्टर माझ्या टेबलावर होतं, उघडं. शेजारी पेन. "लिव्ह," सर म्हणाले.

जुना आकडा पस्तीस. नवा एकवीस. कारण, पिशव्यांची जात बदलली. सरांनी पट्टीनं त्याखाली आणखी एक रकाना आखला होता आणि वर लिहिलं होतं, 'उशिराचं कारण'. मी तिथं 'माझी चूक' असं लिहिलं.

सरांनी वाचलं. चष्मा पुसला. "हे नाई. काल बाकावर काय म्हनली ते लिव्ह."

"सर, नको ना."

"आकडा खरा पाहिजे, अन् कारन खोटं चालते काय?"

मी लिहिलं. अक्षर इतकं वाकडं आलं की माझं मलाच वाचता येईना. मग सरांनी नेहमीसारखं सगळ्यांना बोलावलं. डॉक्टर मॅडम, लॅबवाल्या ताई, दोन सिस्टर आणि मी, भिंतीला लागून उभ्या. सर मोठ्यानं वाचू लागले. जुना आकडा. नवा आकडा. कारण. "उशिराचं कारण: सरांचं भेव लागते, म्हणून रजिस्टर मागितलं नाही."  मला वाटलं संपलं. पण नोंद दोनदा वाचायची असते. सरांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, आणि त्या ओळीपाशी आल्यावर एकही शब्द गाळला नाही.

"कोनाले काई विचाराचं हाय?"

 मग ताईंनी पदराचं टोक चाळवत हळूच म्हटलं, "विचाराचं नाई सर. सांगाचं हाय. मलेबी लागते."

"मलेबी," थोरली सिस्टर म्हणाली. धाकटीनं फक्त मान हलवली. मॅडम जमिनीकडे बघत म्हणाल्या, "खरं सांगायचं तर, मलाही."

सर आम्हा सगळ्यांकडे एकेक करून बघत राहिले. "हात वर करा," ते म्हणाले. आम्ही केले. ते टेबलामागून बाहेर आले आणि आमच्यासमोरून चालत प्रत्येकीच्या वर केलेल्या हाताला बोट लावत मोजत गेले, टोकापर्यंत, आणि परत टोकापासून. त्यांचं बोट माझ्या तळव्याला लागलं तेव्हा ते त्या पिशवीइतकं गार होतं. परत जाऊन त्यांनी माझ्या ओळीखाली, त्यांच्या त्या ठसठशीत अक्षरांत, किती जणांना भेव लागते तो आकडा लिहिला. सहा.

ताई जवळ उभ्या होत्या, त्यांनी वाकून पाहिलं. "सर, चुकलं. आमी तं पाचच हाओत."

"चुकलं नाई," सर म्हणाले. "सहावा मी."

त्यांनी सही केली, कपाटाची किल्ली जुडग्यातून सोडवली आणि माझ्या टेबलामागच्या भिंतीवरच्या खिळ्याला अडकवून दिली.